आमच्या बारचे तीन डीजे

माझ्या कामात तीन हिस्से वाट बघणं आणि एक हिस्सा धावपळ. मी साऊंडवाला. मशीन गरम होईपर्यंत थांबायचं, डीजे येईपर्यंत थांबायचं, मालकाचा फोन संपेपर्यंत थांबायचं. थांबलेली माणसं बोलतात, आणि त्यांनी बोललेलं माझ्याकडे साठत जातं. घरी एखादा किस्सा सांगायला घेतला की बायको म्हणते, "हे तू परवा सांगितलंस." परवा सांगितलेला दुसराच असतो. म्हणजे आता किस्से एकमेकांत मिसळायला लागलेत. पुरता गुंता व्हायच्या आत एकदा क्रमाने सांगून टाकतो.

बार लोअर परळला, जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण चार वर्षांत ते तीनदा बदललं. मालक केतनभाई माणूस चांगला, पण त्यांना काहीतरी कमी आहे असं सारखं वाटायचं. काय कमी आहे ते सांगता यायचं नाही, म्हणून ते दिवे बदलायचे. मग पडदे. मग मेनू. सगळं बदलून झालं की नाव.

डीजे मात्र तेच तीन राहिले. नंदन सर दादरचे, पन्नाशीला आलेले. आधी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. ते सोडून रेकॉर्ड वाजवायला लागले, पण 'सर' चिकटून राहिलं. जुनं डिस्को, फंक, जॅझ, सगळं काळ्या तबकड्यांवर. लावलेलं गाणं संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. ग्लेन माझगावचा, तिशीतला, हाऊस नावाचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचा. त्याचा नियम बरोबर उलटा. दीड मिनिटाच्या वर एक गाणं त्याला सहन व्हायचं नाही. आणि प्रज्ञा, डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली, सव्वीस वर्षांची. ती टेक्नो वाजवायची. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्यात गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही, पण पोटात ठोके पडत राहतात.

तिघांची आवड एकमेकांना पटायची नाही. साम्य एकच होतं. तिघांपैकी एकालाही खुर्चीत बसता यायचं नाही. सर चहा उभ्याने प्यायचे, ग्लेन फेऱ्या मारायचा, प्रज्ञा जिथे असेल तिथल्या लाकडावर बोटं आपटायची. आणि मी गुंडाळलेल्या वायरी सोडून परत गुंडाळायचो.

*

ग्लेनपासून सुरुवात करतो.

त्याला एकदा विचारलं, बाबा रे, गाणं जरा वाजू दे की. तो म्हणाला, "विन्या, मला कळतं रे पुढे काय येणार ते. कळल्यावर थांबायचं कशाला?" त्याचं म्हणणं असं की गाण्यातली मजा म्हणजे दार उघडताना होते ती. आत गेल्यावर सगळ्या खोल्या सारख्याच.

हे बारमध्ये चालून जायचं. पण एका रविवारी त्यांच्या चर्चमधला ऑर्गन वाजवणारा आजारी पडला, आणि ग्लेनच्या आईने मोठ्या अभिमानाने याचं नाव पुढे केलं. लहानपणी तो तिथेच शिकला होता. सकाळच्या मासला, म्हणजे प्रार्थनेला, शर्टाचं वरचं बटण लावून हा ऑर्गनवर बसला.

पहिलं स्तोत्र सुरू झालं. लोक उठून उभे राहिले. ग्लेनने दोन कडवी नीट वाजवली आणि मग सवयीप्रमाणे त्याचा हात पुढच्या स्तोत्राकडे वळला. मध्ये थांबा नाही, शेवट नाही, एकातून दुसरं अलगद निघालं. गायकवृंदातल्या बायका हुशार, त्या गेल्या त्याच्याबरोबर. मग दुसऱ्यातून तिसरं.

अडचण अशी की स्तोत्र संपलं की लोक बसतात. इथे ते संपतच नव्हतं. म्हाताऱ्या बायका बाकाच्या पाठीला धरून उभ्या. पुढच्या रांगेतले एक आजोबा दोनदा बसायला गेले आणि दोनदा परत उभे राहिले. ग्लेनची पाठ लोकांकडे, त्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं. त्याला उलट वाटत होतं, आज जमलंय.

शेवटी फादर स्वतः चालत ऑर्गनपाशी आले, वाकले आणि त्याच्या कानात हळूच म्हणाले, "ग्लेन, माझ्या बाळा, लोकांना बसू दे."

*

सरांचं दुखणं वेगळं. त्यांना फर्माईश आवडायची नाही, आणि आलेली फर्माईश विसरताही यायची नाही.

एका बुधवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक गृहस्थ आले, बरोबर बायको. बार जवळजवळ रिकामा. त्यांनी येऊन एक जुनं गाणं मागितलं. सरांनी नेहमीचं उत्तर दिलं, की हे संपलं की बघू. ते संपलं, पण सरांनी पुढचं आधीच काढून ठेवलं होतं, ते लावलं. गृहस्थ परत आले. मग तिसऱ्यांदा आले. चौथ्यांदा ते नुसतेच लांबून बघून गेले. नंतर दोघं बिल देऊन निघाले.

माझ्या लक्षात आलं, सर आता अस्वस्थ आहेत. रेकॉर्डच्या पेटीत ते काहीतरी शोधत होते. हे गाणं कोणत्या बाजूला आहे, ते आठवत नव्हतं. सापडलं, तेव्हा माणूस जिना उतरून गेलेला. सरांनी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आणि मला म्हणाले, "विनायक, इथे उभे राहा." एवढं बोलून जिन्यावरून धावत सुटले.

मी खिडकीतून बघितलं. कंपाउंडच्या गेटपाशी टॅक्सी उभी. बायको आत बसलेली, गृहस्थांचा एक पाय आत. सर टॅक्सीच्या दारात वाकून धापा टाकत बोलत होते. नंतर कळलं, ते म्हणत होते, "अहो, तुमचं गाणं लागलंय. वर या. अजून अर्धं शिल्लक आहे."

आणि तो माणूस आला. बायकोही आली. दोघं कोट-पर्ससकट मध्यभागी उभे राहून उरलेलं गाणं ऐकत राहिले. कोणी नाचलं नाही. संपल्यावर त्या बाईंनी सरांना विचारलं, सुरुवातीचं राहिलं ना, परत लावाल का. सरांचा दुसरा नियम असा की एकच गाणं एका संध्याकाळी दोनदा नाही. त्यांनी तो नियम मोडला. खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

*

दुसऱ्यांदा नाव बदललं तेव्हा केतनभाईंना वाटलं, लोकांना डीजे माहीत व्हायला हवेत. जिन्यात तिघांचे मोठे फोटो लावायचे आणि प्रत्येकाखाली त्याचं सगळ्यात आवडतं गाणं छापायचं. तिघांना कागद दिले.

सरांनी एक नाव लिहिलं, दुसऱ्या दिवशी येऊन खोडलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, आधीचंच बरोबर होतं. त्यांची झोप उडाली असावी. ग्लेनने दोन्ही बाजूंनी भरलेली यादी दिली आणि खाली लिहिलं, हे फक्त या आठवड्याचं. प्रज्ञाने एका मिनिटात कागद परत केला. त्यावर लिहिलं होतं, 'अजून यायचंय.'

म्हणजे सगळ्यात आवडेल असं गाणं अजून यायचं आहे. तिच्या मनात ते तसंच होतं, आणि मला ते आवडलंही. पण छापणाऱ्याला काय कळणार. सरांच्या फोटोखाली एक गाणं आलं, ग्लेनच्या खाली दुसरं, आणि प्रज्ञाच्या हसऱ्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत: अजून यायचंय.

मग रोजचं सुरू झालं. लोक जिना चढून यायचे, काऊंटरवर विचारायचे, "ती मुलगी कधी येणार?" प्रज्ञा समोर वाजवत असायची. एकाने तर तिलाच जाऊन विचारलं. ती हेडफोन काढून म्हणाली, "वाटेत आहे."

*

आता सांगतो तो किस्सा माझ्याच अब्रूचा आहे. सांगितला नसता तरी चाललं असतं, पण मग बाकीच्यांचे सांगायचा मला हक्क काय.

प्रज्ञाचे पप्पा ढोलकी वाजवतात. जयंतीला, पूजेला, कुणाच्या नामकरणाला त्यांची गायन पार्टी जायची. नोकरी महानगरपालिकेत केली, पण ओळख ढोलकीची. मुलगी डीजे झाली याला त्यांची हरकत नव्हती. त्यांची तक्रार कामाच्या दर्जाबद्दल होती. तिने मोबाईलवर काही ऐकवलं की ते म्हणायचे, ठोका बरोबर आहे, पण त्यात माणूस नाही. यावरून घरी जेवताना वाद व्हायचे.

शेवटी ती म्हणाली, मोबाईलवर ऐकून बोलू नका, एकदा येऊन मोठ्या स्पीकरवर ऐका. एका दुपारी, चार वाजता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून काका आले. बारमध्ये आम्ही चौघंच. सरही त्यांच्या रेकॉर्ड पुसायला आले होते. प्रज्ञाने तिचं नवीन काम लावलं. मी आवाज बऱ्यापैकी वर नेला. मनात म्हटलं, काकांना जरा कळू दे.

काका काऊंटरपाशी उभे राहिले. मग दोन पावलं पुढे आले. मग मध्यभागी. मग डावीकडे गेले, उजवीकडे गेले, परत मध्ये. असं त्यांनी तीन-चार वेळा केलं. मला वाटलं, त्यांना नाचावंसं वाटतंय आणि लाज वाटतेय.

त्यांनी हाताने थांबायची खूण केली. "प्रज्ञा, इकडे ये. इथे उभी राहा." ती मध्ये जाऊन उभी राहिली. "आता सांग, तुझा ढोल कुठाय?"

"आहे ना पप्पा. केवढा वाजतोय."

"तिथे वाजतोय," त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आणि तिथे वाजतोय. इथे नाही. दोन ढोलकीवाले शेजारी बसलेत, आणि एकाचा हात खाली येतो तेव्हा दुसऱ्याचा वर जातो. एकमेकांचं खातायत."

मी बावीस वर्षं साऊंड करतोय. ते काय म्हणतायत ते मला त्या क्षणी कळलं. शिडी लावली, उजव्या स्पीकरच्या मागे गेलो, झाकण उघडलं. लाल वायर काळ्याच्या जागी, काळी लालच्या. उद्घाटनाच्या दिवसापासून. मीच जोडलेली. दोन्ही बाजूंचा खर्ज एकमेकांना मारत होता, आणि बरोबर नाचायच्या जागेवर येऊन संपत होता.

मी वायरी बदलल्या, खाली उतरलो आणि प्रज्ञाला लाव म्हटलं. पहिल्या ठोक्याला मागच्या फळीवरचे ग्लास एकदम किणकिणले. किचनमधला कूक बाहेर धावत आला, काय पडलं म्हणून. सर खाली बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. ते म्हणाले, "बारा वर्षं मी हे फळ्यावर काढून शिकवलंय. दोन लाटा, एक उलटी, बेरीज शून्य. आणि तीन वर्षं रोज त्या शून्यात उभा राहिलो."

मी काकांना हात जोडले. म्हटलं, काका, हे मालकाला कळलं तर मी उद्यापासून घरी. ते म्हणाले, मला कशाला विचारतील, मी ढोलकीवाला. आणि शर्टाची बाही सरळ करत निघून गेले.

त्या संध्याकाळी केतनभाई आले. दारातच थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाले, "आज काहीतरी बरं वाटतंय. खुर्च्या हलवल्या का?"

मी म्हटलं, हो.

*

पण माणसाची अस्वस्थता एका वायरीने जात नाही. काही महिन्यांनी केतनभाई एक लॅपटॉप घेऊन आले. त्यात एक प्रोग्रॅम होता. गर्दी किती, वेळ कोणती, ते बघून तो आपला आपण गाणी लावणार. डीजेने फक्त मागे उभं राहायचं, हेडफोन घालायचे, हात हलवायचे, म्हणजे लोकांना वाटेल हाच वाजवतोय.

आम्हाला कळत होतं की ही परीक्षा आहे. जमलं तर दोन महिन्यांत मागे उभा राहणाराही लागणार नाही. ग्लेन म्हणाला, मी दुसरीकडे बघतो. प्रज्ञाने नखं खाल्ली. गुरुवारची संध्याकाळ ठरली, आणि गुरुवार सरांचा.

सर आले. लॅपटॉप सुरू झाला. सरांनी हेडफोन घातले नाहीत, हातही हलवले नाहीत. वर्गात परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक उभे राहतात तसे दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. तासभर. मी कोपऱ्यातून खुणा करतोय, सर, निदान मान तरी हलवा. नाही.

एका ऑफिसचा ग्रुप आला होता. त्यातली एक बाई शेवटी जाऊन म्हणाली, "एक्स्क्यूज मी, तुम्ही काहीच करत नाही का?"

सर म्हणाले, "ऐकतोय."

तिला वाटलं, चेष्टा करतात. पण ते खरंच ऐकत होते, आणि बघतही होते. त्या ग्रुपमधल्या एका माणसाचा त्या दिवशी निरोपसमारंभ होता. वयस्कर माणूस, टाय वगैरे. तो ग्लास घेऊन उभा राहिला, दोन शब्द बोलायला. त्याच वेळी लॅपटॉपने हिशोब करून ठरवलं की आता गर्दी उभी आहे, म्हणजे नाचायला तयार आहे. एक दणदणीत गाणं सुरू झालं. तो माणूस तोंड उघडून तसाच उभा.

सरांचे हात पाठीमागून पुढे आले. त्यांनी आवाज खाली घेतला, पार शांत होईपर्यंत. तो माणूस बोलला. फार काही नाही, एकतीस वर्षं, एकच टेबल, असं काहीतरी. सर तोपर्यंत पेटीत वाकून रेकॉर्ड शोधत होते. तो खाली बसला आणि सरांनी सुई टेकवली. अगदी हळू, नुसता पियानो.

केतनभाई दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. आत न येता ते तसेच खाली गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, लॅपटॉप त्यांच्या मुलीच्या अभ्यासाला दिला.

*

त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार, सगळी मशीन बंद, मी जमिनीवर बसून प्लग तपासतोय. ग्लेन फेऱ्या मारत होता. अचानक थांबून म्हणाला, "विन्या, ती शिट्टी बंद कर ना यार."

मी म्हटलं, "कुठली शिट्टी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग स्पीकरकडे बघितलं. लाल दिवासुद्धा लागलेला नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

उजव्या कानात होती ती. डॉक्टरने सांगितलं, आवाज कमी ठेव, कानात बोळे घालून काम कर, शिट्टी जाईल की नाही सांगता येत नाही. त्याने ते आम्हा तिघांशिवाय कोणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. त्याचं फिरणं वाढलं. पूर्वी दीड मिनिटाने गाणं बदलायचा, आता मिनिटाच्या आत बदलायला लागला. म्हणायचा, प्रत्येक गाण्याच्या वर तीच बसलेली असते.

सर म्हणाले, मोजून बघू. फिजिक्सच्या माणसाला मोजलं की निम्मं बरं वाटतं. माझ्याकडे स्पीकर तपासायला एक छोटं यंत्र आहे, त्यातून हवा तो सूर निघतो. ग्लेन डोळे मिटून उभा राहिला. मी सूर वर नेत गेलो. अजून वर, म्हणाला. अजून. जरा खाली. मग त्याने एकदम हात वर केला.

"ही. हीच." डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "आता तुम्हालाही ऐकू येतेय ना?"

आम्ही हो म्हटलं. तीन आठवडे तो माणूस ती एकट्याने ऐकत होता. आम्ही तिघं तिथे उभे राहून ती बारीक, कानाला टोचणारी शिट्टी बराच वेळ ऐकली. बंद करायचं कोणाच्या मनात येईना. प्रज्ञाने यंत्रावरचा आकडा पेनने तळहातावर लिहून घेतला.

आठ दिवसांनी ती पेनड्राइव्ह घेऊन आली. ग्लेनला म्हणाली, हे ऐक, पण हळू आवाजात. लावलं. मला काही खास वाटलं नाही. खाली ठोके, वर दोन-चार सूर, आणि त्या सुरांच्या मध्ये एक जागा मोकळी सोडल्यासारखी. अर्धवट वाटत होतं. एक मिनिट झालं, दीड मिनिट झालं. मी ग्लेनच्या हाताकडे बघत होतो. हात खिशातच राहिला. तीन मिनिटं. पाच. अकरा मिनिटांचं ते काम ग्लेनने उभ्या जागी, न हलता, संपेपर्यंत ऐकलं.

संपल्यावर त्याने विचारलं, "शिट्टी कुठे गेली?"

प्रज्ञा म्हणाली, "आहे तिथेच. तिला कामाला लावलंय फक्त."

*

आता शेवटचा, मागच्या जयंतीचा.

डिलाईल रोडच्या मिरवणुकीत चाळीच्या टेम्पोवर दरवर्षी प्रज्ञाच वाजवते. त्या वर्षी तिने आम्हालाही बोलावलं. मी साऊंडला, ग्लेन आणि सर नुसतेच हौसेने. ग्लेनच्या कानात बोळे. काका टेम्पोच्या पुढे, गळ्यात ढोलकी. उन्हं उतरली होती, साडेपाच वाजले असतील. रस्ता निळ्या झेंड्यांनी भरलेला, पोरंबाळं, नव्या साड्या, खिडक्या-खिडक्यांतून माणसं.

प्रज्ञाने मला आधीच सांगून ठेवलं होतं की एका चाळीसमोर आवाज पूर्ण बंद करायचा आहे. तिथे सुदामकाका राहायचे. तिच्या पप्पांच्या पार्टीचे गायक, तीस वर्षं दोघांनी शेजारी बसून गायलं-वाजवलेलं. घशाचं ऑपरेशन होऊन दोनच दिवसांपूर्वी ते घरी आले होते. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा.

चाळ आली. प्रज्ञाने बटण हळूहळू खाली ओढलं. लोकांना कारण माहीत होतं; नाचणारे थांबले, एकमेकांना गप्प करायला लागले. एवढी मोठी मिरवणूक, आणि ऐकू काय येतंय, तर जनरेटरची घरघर आणि रस्त्यावर घासणाऱ्या चपला. काकांनी ढोलकीवर तळहात दाबून धरला होता. टेम्पो पावलापावलाने सरकत होता.

तेवढ्यात वरून टण, टण, टण. सगळ्यांनी माना वर केल्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर सुदामकाका बसलेले, गळ्याभोवती पांढरी पट्टी. हातात स्टीलचा डाव घेऊन लोखंडी कठड्यावर आपटत होते. चेहरा रागावलेला. आम्हाला वाटलं, त्रास होतोय, लवकर पुढे जा म्हणतायत. प्रज्ञा ड्रायव्हरला चल चल करायला लागली.

त्यांची बायको, शालनकाकी, पाटी घेऊन कठड्याशी आली. आता ते त्या पाटीवर लिहूनच बोलायचे. काकीने खाली ओरडून सांगितलं, "थांबा गं. हे काय लिहितात ते वाचते." आणि वाचलं, "'आवाज माझा गेलाय. तुम्ही तुमचा कशाला घालवताय?'"

खाली प्रज्ञाच्या पप्पांनी मान फिरवली, बाहीने तोंड पुसलं. प्रज्ञाकडे सुदामकाकांची जुनी रेकॉर्डिंग होती, तिने पटकन ती काढली आणि वर विचारलं, काकांचं लावू का. सुदामकाकांनी पाटी कोपराने पुसली, परत लिहिलं. काकीने वाचलं, "'माझी मला पाठ आहेत. तुझं लाव.'"

जयंतीच्या मिरवणुकीत टेक्नो. प्रज्ञाने पप्पांकडे बघितलं. त्यांनी ढोलकीवरचा तळहात उचलला. तिने लॅपटॉपवर बराच वेळ शोधलं, बोट एकावर थांबलं, आणि लावलं. आवाज वर गेला. चाळीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. लोकांना दोन मिनिटं काय करावं कळेना. मग पोरांनी सुरुवात केली, मग बायकांनी.

वर सुदामकाका डावाने कठड्यावर ठेका धरत होते. आधी साधा, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, ठोक्याच्या मधल्या जागा भरत. मग त्या कामात एक जागा आली. सगळं एकदम बंद. ठोका नाही, सूर नाही. मला वाटलं, जनरेटर गेला, मी वायरीकडे धावलो. आणि त्या रिकाम्या जागेत वरून एकटा डाव वाजत राहिला. ग्लेन माझ्या शेजारी बोटांवर मोजत होता. सोळा. बरोबर सोळा वाजवून सुदामकाकांनी डाव हवेत उचलून धरला, आणि त्याच क्षणी खालून सगळा खर्ज परत आला.

मिरवणूक पुढच्या नाक्यावर पोचली तेव्हा आम्ही पाणी प्यायला थांबलो. मी प्रज्ञाला म्हटलं, सुदामकाकांना तू हे आधी ऐकवलेलं दिसतंय, हॉस्पिटलमध्ये वगैरे.

तिने बाटली खाली ठेवली.

"कुठून ऐकवणार, दादा? हे मी आज सकाळी पूर्ण केलं. अजून त्याला नावसुद्धा दिलेलं नाही."